जर्मनांचे उलटे एंजिन

विठ्ठलवाडीहून एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या घरी तीन भावांचे कुटुंब एकत्र नांदते. थोरले काका रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि धाकटा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात. एका रविवारी सारी मंडळी मलंगगडाच्या रस्त्याने निघाली असता वाटेत नेवाळी लागली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने येथील शेते ताब्यात घेऊन धावपट्टी बांधली होती. ते युद्ध संपले, ते सरकारही गेले. जमिनीचा वाद मात्र राहिला आणि जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या रूपाने तो पुन्हा उफाळून आला, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. धावपट्टीवरून गोष्ट विमानांवर गेली आणि विमानांवरून भांडणावर. काका म्हणाले, "एंजिन करावे ते जर्मनांनीच." पुतणे उत्तरले, "मग काका, ते हरले कसे?" घरी परतेपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही म्हणे. अखेर काकूंच्या सूचनेवरून हा खटला आमच्याकडे पाठविण्यात आला आहे.

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. म्हणून आम्ही जर्मनांचे एकच एंजिन घेतो: डाइम्लर-बेंझ कंपनीचे डी. बी. ६०१ आणि त्याच्याच पोटी जन्मलेले डी. बी. ६०५. मेसरश्मिट १०९ ह्या सुप्रसिद्ध लढाऊ विमानात हीच एंजिने होती. त्यांच्यासमोर उभे होते ते इंग्रजांचे रोल्स-रॉइस मर्लिन. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे हृदय. दोन्ही एंजिने बारा सिलिंडरांची, दोन्ही पाण्याने थंड होणारी, दोन्हींत सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा तिरप्या बसविलेल्या. येथवर ती सख्खी भावंडे शोभतात. ह्यापुढे मात्र त्यांच्या वाटा निराळ्या होतात.

पहिला फरक डोळ्यांस दिसणारा. मर्लिनचे सिलिंडर वर आणि क्रँकशाफ्ट खाली, म्हणजे आपल्या मोटारगाडीत असावे तसे. डी. बी. ६०१ मात्र वटवाघळासारखे उलटे टांगलेले: क्रँकशाफ्ट माथ्यावर आणि सिलिंडरांची तोंडे जमिनीकडे. हा विक्षिप्तपणा नव्हे. एंजिनाचा निमुळता भाग वर आल्यामुळे वैमानिकास समोरचे अधिक दिसते. धुराच्या नळ्या खाली गेल्यामुळे त्यांची आग त्याच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय मिस्त्र्याला जमिनीवर उभे राहून झडपा आणि स्पार्क प्लग हाताळता येतात. आणखी एक कारण युद्धाचे होते. दोन रांगांच्या मधल्या पोकळीतून तोफेची नळी घालून ती पंख्याच्या पोकळ आसातून बाहेर काढता येत असे, म्हणजे वैमानिकाने विमानाचे नाक शत्रूकडे वळविले की तोफ आपोआप रोखली जाई. ही वाट मोकळी राहावी म्हणून एंजिनाच्या मागे बसणारा सुपरचार्जर बाजूला सरकवून डावीकडे आडवा लावला होता. उलट्या एंजिनाची खोड एकच: वंगणाचे तेल खाली सिलिंडरांत उतरून साचू पाहते. तेवढ्यासाठी तेल सतत उपसून काढणारे पंप ठेवावे लागत.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यास अजूनही कित्येक घरांत "जर्मनचे पातेले" म्हणतात. ह्या एंजिनाचा सांगाडाही ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन ह्यांच्या मिश्रधातूचा ओतीव होता. तेव्हा हे एंजिन दोन्ही अर्थांनी जर्मनचेच!

आता सुपरचार्जर म्हणजे काय ते पाहू. विमान वर चढू लागले की हवा विरळ होते. साडेपाच किलोमीटरवर तिचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. एंजिनास इंधनाइतकीच हवा हवी, म्हणून एका वेगाने फिरणाऱ्या चक्राने ती दाबून आत कोंबावी लागते. अडचण अशी, की उंचावर पुरेशी हवा कोंबील असे चक्र बसविले तर जमिनीजवळ ते गरजेपेक्षा फार अधिक कोंबते आणि शक्ती फुकट दवडते. इंग्रजांनी ह्यावर दातेरी चक्रांची तोड काढली: आरंभी एकच वेग, पुढे दोन. जर्मनांनी मात्र दातेरी चक्रांऐवजी मध्ये तेल घातले. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो, हे मुलांनी घरी करून पाहण्यासारखे आहे. डी. बी. ६०१ मध्ये वाऱ्याच्या जागी तेल होते. हवेचा दाब ओळखणारी एक डबी त्या तेलाचा पुरवठा कमीअधिक करी, त्यामुळे सुपरचार्जरचा वेग उंचीप्रमाणे आपोआप, कोठेही धक्का न बसता वाढत जाई. वैमानिकास त्यात काहीच करावे लागत नसे. मात्र तेल निसटते तेथे थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. आमच्या मते ही युक्ती ह्या एंजिनातील सर्वांत देखणी. परंतु युद्धात सर्वांत अधिक बोलबाला झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

ती गोष्ट म्हणजे इंधनाची पिचकारी. मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर होता. त्यात पेट्रोलची एक लहान टाकी आणि तीत तरंगणारा गोळा असतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत असतो तसाच. गोळा खाली गेला की पेट्रोल आत येते, वर आला की बंद होते. जमिनीवर ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु लढाऊ विमानाने एकाएकी नाक खाली घातले की पेट्रोल टाकीच्या तळाशी न राहता छताला जाऊन चिकटते. क्षणभर एंजिन उपाशी राहते. लगेच दुसऱ्या क्षणी टाकीत नको तितके पेट्रोल शिरून ते गुदमरते. जेथे एका क्षणावर प्राण अवलंबून असतो, तेथे हा खोकला जीवघेणा होता. १९४० सालच्या इंग्लंडवरील हवाई लढाईत जर्मन वैमानिक संकटात सापडला की सरळ नाक खाली घालून निसटून जाई. पाठलाग करणाऱ्या इंग्रज वैमानिकास आधी विमान कुशीवर उलटे करून मगच खाली झेपावावे लागे, आणि तोवर सावज दूर जाई.

डी. बी. ६०१ ला कार्ब्युरेटरच नव्हता. बॉश कंपनीने केलेला बारा लहान दट्ट्यांचा एक पंप दोन रांगांच्या मध्ये बसविलेला असे, आणि तो प्रत्येक सिलिंडरात नेमके मापलेले पेट्रोल नेमक्या क्षणी जोराने फवारी. विमान उलटे असो, सुलटे असो, फवारा चुकत नसे. ह्यात आणखी एक फायदा होता. धूर बाहेर जाण्याची झडप आणि हवा आत येण्याची झडप क्षणभर एकदमच उघड्या ठेवून ताज्या हवेने सिलिंडर स्वच्छ धुऊन घेता येई. कार्ब्युरेटरच्या एंजिनात असे केले तर हवेबरोबर पेट्रोलही बाहेर वाहून जाते. येथे पेट्रोल झडप मिटल्यावर येत असल्यामुळे थेंबही वाया जात नसे.

मात्र इंग्रज अगदीच अडाणी होते असे काकांनी समजू नये. माठातले पाणी बाष्पीभवनाने थंड होते, त्याच न्यायाने कार्ब्युरेटरातील पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळून उडते आणि ती हवा सुमारे २५ अंशांनी थंड करते. थंड हवा दाट, आणि दाट हवा म्हणजे अधिक शक्ती. कार्ब्युरेटर ठेवण्यामागे हा विचार होता. राहिला खोकला. त्याचे औषध फार्नबरो येथील संशोधन केंद्रातील बिअट्रिस शिलिंग ह्या अभियंता बाईंनी शोधून काढले. आमच्या वाचकभगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे. ह्या बाई तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती जिंकलेल्या होत्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत मोजके भोक पाडलेली पितळेची एक लहानशी चकती बसविली. एंजिनास पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढेच पेट्रोल त्या भोकातून जाई, त्याहून अधिक नाही; त्यामुळे गुदमरणे बंद झाले. १९४१ च्या आरंभी त्या आपल्या साहाय्यकांसह विमानतळामागून विमानतळ पालथे घालीत ह्या चकत्या बसवीत हिंडल्या. बॉशच्या पंपाची बारीक कारागिरी एका बाजूस आणि ही चकती दुसऱ्या बाजूस! चकतीने व्याधी पूर्ण गेली नाही हे खरे, पण विमाने लढत राहिली.

येथपर्यंत वाचून काकांची कळी खुलली असेल. आता पुतण्यांची बाजू ऐकावी.

डी. बी. ६०१ चे आकारमान ३३.९ लिटर होते आणि मर्लिनचे २७ लिटर. म्हणजे जर्मन एंजिन सव्वापट मोठे. तरीही १९४० मध्ये दोघांची शक्ती जवळजवळ सारखीच, एक हजार अश्वशक्तीच्या थोडी वर. सव्वापट देहाला तेवढेच बळ का? कारण इंधन. इंग्रजांना अमेरिका आणि इतर ठिकाणांहून १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले होते. असे पेट्रोल सिलिंडरात अधिक दाबले तरी सहसा वेळेआधी भडकत नाही. जर्मनीत तेलाच्या विहिरी नाममात्र. तेथील रसायनशास्त्रज्ञ कोळशापासून पेट्रोल बनवीत, आणि त्यांच्या लढाऊ विमानांच्या वाट्यास बहुधा ८७ ऑक्टेनचे येई. हवा अधिक कोंबता येत नाही, तेव्हा सिलिंडरच मोठे करा, हा त्यांचा हिशेब. डी. बी. ६०५ मध्ये सिलिंडरांचा व्यास १५० मिलिमीटरवरून १५४ करून ३५.७ लिटरांतून १,४७५ अश्वशक्ती काढली. पण १९४४ च्या सुमारास मर्लिन त्याच जुन्या २७ लिटरांतून सुमारे १,७०० काढू लागले होते. तेव्हा जर्मनांनी पाणी आणि मिथेनॉल ह्यांचे मिश्रण हवेबरोबर फवारून सिलिंडर थंड ठेवण्याची युक्ती केली आणि काही मिनिटांपुरती १,८०० अश्वशक्ती मिळविली. युक्ती उत्तमच, पण ती उधारीवरची मिठाई. पुढे १२ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी कोळशापासून पेट्रोल बनविणाऱ्या कारखान्यांवर हल्ले आरंभिले. एप्रिलात महिन्याला सुमारे १,७५,००० टन निघणारे विमानाचे पेट्रोल सप्टेंबरात १०,००० टनांच्याही आत आले. एंजिने होती, विमाने होती; त्यांत घालायला काही नव्हते.

धातूंचीही तीच कथा. धुराची झडप तापून लाल होते. तिला टिकून राहण्यास निकेल हवे, आणि जर्मनीत निकेलचा तुटवडा. कमी निकेलच्या झडपा जळू लागल्या. डी. बी. ६०१ मध्ये दट्ट्यांचे दांडे जेथे क्रँकशाफ्टला जोडले जातात तेथे बारीक रुळांची बेअरिंगे होती. ती करण्यास कुशल हात आणि वेळ दोन्ही लागत. डी. बी. ६०५ मध्ये त्यांच्या जागी साधी, रुळांवाचूनची बेअरिंगे आली. त्यांना तेलाचा अखंड पुरवठा हवा, आणि तेलात तर फेस होई. परिणाम असा झाला, की नवे एंजिन वापरात आले खरे, परंतु बराच काळ वैमानिकांस त्याची पूर्ण शक्ती वापरण्यास मनाई होती. ती बंदी १९४३ च्या उत्तरार्धात उठली. आफ्रिकेतील रणांगणावर नावाजलेला तरुण जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्साय हा ३० सप्टेंबर १९४२ रोजी मेला, तो शत्रूच्या गोळीने नव्हे. त्याच्या नव्या विमानाच्या एंजिनात बिघाड होऊन बैठकीत धूर कोंडला, त्याने उडी टाकली, आणि हवाई छत्री उघडली नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. जर्मन कारागिराचा हात म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो, तो हात शेवटी शेवटी कोणाचा होता? बर्लिनच्या दक्षिणेस गेन्सहागेन येथे डाइम्लर-बेंझचा विमान-एंजिनांचा मोठा कारखाना होता. १९४४ मध्ये तेथे राव्हेन्सब्रुक छळछावणीतील सुमारे अकराशे स्त्रियांना आणून कामास जुंपले. त्याच वर्षी बाँबच्या भयाने हे काम नेकार नदीकाठच्या ओब्रिखहाइम येथील जिप्समच्या खाणीत हलविण्यात आले, आणि त्या खाणीच्या बोगद्यांतही छळछावणीतील कैदीच राबविले गेले. त्यांतले कितीतरी तेथेच मेले. पंपाचा दट्ट्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक होता, हे सांगताना हेही सांगितले पाहिजे.

मग हे एंजिन थोर की हीन? आम्हास वाटते, जपानचे उदाहरण दोघांचाही निवाडा करील. जपानने ह्या एंजिनाचे आराखडे रीतसर परवाना घेऊन आणले. कावासाकी कंपनीने त्यावरून एंजिन बनविले आणि ते बसवून 'हिएन' नावाचे सुंदर लढाऊ विमान केले. आराखडे तेच, मापे तीच. परंतु क्रँकशाफ्ट मोडत, बेअरिंगे बसत, दुरुस्तीला हात पुरत नसत. पुढे त्याच एंजिनाची सुधारलेली आवृत्ती तर इतकी अडली, की १९४५ च्या आरंभी कारखान्यात २७५ विमाने पंख, शेपूट, चाके लावून तयार उभी होती आणि नाकात एंजिन नव्हते. शेवटी मित्सुबिशीचे वाऱ्याने थंड होणारे साधे, गोल एंजिन त्यांच्या नाकात कसेबसे बसविण्यात आले. नवल असे, की ती विमाने अधिक भरवशाची निघाली! (इटलीत मात्र हीच जर्मन एंजिने परवान्यावर बरी बनत, तेथे मोटारींच्या कारखान्यांची परंपरा जुनी.) आराखडा विकत मिळतो, तो पेलणारे पोलाद, बेअरिंग आणि मिस्त्र्याचा हात विकत मिळत नाही.

तेव्हा निवाडा असा. रचनेच्या बाबतीत काका बरोबर आहेत. फवारा, तेलाचा जोड आणि उलटी मांडणी ह्या तिन्ही गोष्टी एकाच लढाऊ एंजिनात नांदत होत्या आणि मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडत होत्या. १९४० मध्ये इंग्रजांच्या मर्लिनमध्ये ह्यांतले काही नव्हते. परंतु "मग ते हरले कसे" ह्या पुतण्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच एंजिनात दडलेले आहे. त्याची निम्मी चतुराई ही टंचाईची अपत्ये होती, आणि टंचाई वाढत गेली तशी चतुराई अपुरी पडली.

हा वाद परदेशातल्या जुन्या लोखंडापुरता नाही, म्हणून पुतण्यांस एक सांगावेसे वाटते. बी. एम. डब्ल्यू. एंजिनाचे फोके-वुल्फ १९० हे जर्मन लढाऊ विमान ज्यांनी रचले, त्या कुर्ट टँक ह्यांना आपण बंगळूरला बोलावून 'मरुत' हे जेट विमान करविले. ते १९६१ मध्ये उडाले. देह उत्तम होता. त्यास साजेसे जोरकस एंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही आणि योजलेला वेग त्याने कधी गाठला नाही. आपले स्वतःचे 'कावेरी' एंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले, ते 'तेजस'साठी. तेजस दुसऱ्याच्या एंजिनावर उडाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझर येथे बांधलेले तेजस मार्क १-ए आकाशात झेपावले तेव्हा आम्हासही अभिमान वाटला. त्याच्या पोटातील एंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे होते, आणि त्या मालिकेतील पहिले एंजिन ठरल्या मुदतीहून बरेच उशिरा, मार्च २०२५ मध्ये, आपल्या हाती आले होते. कावासाकीच्या कारखान्यातील ती २७५ विमाने आम्हास त्या वेळी आठवली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील मुलांनी धातुशास्त्राचा तास बुडवू नये, एवढे तरी काकांनी त्यांस बजावावे.

पत्राच्या शेवटी काकूंनी स्वतः विचारले आहे, की असे एंजिन कोठे पाहावयास मिळेल? डी. बी. ६०१ साठी युरोप गाठावे लागेल. म्युनिक येथील डॉइचेस म्युझियम हे त्यातल्या त्यात उत्तम. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे विमान मात्र आपल्याच देशात आहे: दिल्लीस पालम येथील विमानदलाच्या संग्रहालयात हरिकेन उभे आहे. परंतु बॉशच्या त्या पिचकारीचे कुळ पाहावयाचे असेल तर इतके दूर जाण्याचे कारण नाही. विमानाचा तो पंप मुळी डिझेल एंजिनाच्या पंपावरूनच बेतलेला होता. घराजवळच विठ्ठलवाडीचे एस. टी. चे आगार आहे. तेथे एखाद्या जुन्या बसचे एंजिन दुरुस्तीस काढलेले असेल तर त्याच्या कुशीला ओळीने दट्टे बसविलेला पंप आणि त्यातून प्रत्येक सिलिंडराकडे गेलेल्या बारीक पोलादी नळ्या दिसतील; फवारे उडविणारी अशी तोंडे ह्याच बॉश कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यात बनत आली आहेत. घरात १ एप्रिल २०२० नंतर घेतलेली स्कूटर असेल तर तिच्यातही कार्ब्युरेटर बहुधा सापडणार नाही. प्रदूषणाच्या नव्या नियमांनी तो घालवून तेथे फवारा आणला. मात्र स्कूटरमध्ये फवारा सिलिंडराच्या दाराशी उडतो, त्या जर्मन एंजिनात तो थेट आत उडत असे, हा भेद पुतण्यांनी काकूंस नीट समजावून द्यावा. आगारात जावयाचे झाल्यास आधी तेथील व्यवस्थापकांची परवानगी काढावी आणि मिस्त्र्यांची जेवणाची सुट्टी टाळून जावे.

पुढील अंकी, टाके सुटणाऱ्या शिवणयंत्रासंबंधी आलेल्या तीन पत्रांचा एकत्र विचार करू.